पट्ट्यांची खोली

पाऊस आवरला, नवरात्र बसलं, की ठाण्यात सप्तपर्णी फुलते. दिवसा ऊन पाठ भाजून काढतं आणि संध्याकाळी रस्त्याकडेच्या त्या सरळसोट झाडांवरून एक जड, गोड वास खाली उतरतो. कुणाला तो वेलचीसारखा वाटतो, कुणाचं त्याने डोकं चढतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी दोन तट पडतात: झाडं ठेवा, झाडं तोडा. मी कुणाच्याच बाजूने बोलत नाही, खिडकी लावून घेते. कारण त्या वासामागोमाग मला दुसरा एक वास येतो, भाताच्या तुसाचा, उंदरांच्या मुताचा आणि फिनेलचा. आणि त्याच्यामागोमाग दादा येतो.

नऊ वर्षं झाली. मी तेव्हा कोलशेतला एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करत होते. प्राण्यांची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. खिडकीतून खाडीची तिवरं दिसायची आणि त्यांच्या अलीकडे चढत चाललेले टॉवर. आत रॅकवर पिंजरे, पिंजऱ्यांत भाताच्या तुसावर पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. त्यातले चोवीस माझे. त्यांची उस्तवार म्हात्रेकाका करायचे. काका कोलशेत गावातलेच, साठीला टेकलेले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर खाडीत मासे धरले, काकांनी उंदीर धरले. त्यांना उंदीर कधी चावला नाही. मला पहिल्याच महिन्यात तीनदा चावला.

"बाय, तू घाबरतेस ना, ते त्यांना कलतं," काका म्हणायचे.

उंदीर ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगावर पिक्रिक अ‍ॅसिडचे पिवळे ठिपके द्यायचे, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर. ते ठिपके देता देता माझी बोटंही पिवळी व्हायची, आणि साबणाने जायची नाहीत. दादाने ती बघितली की ठरलेला विनोद व्हायचा. "काय मने, हळद लागली वाटतं? आम्हाला न सांगताच?"

प्रयोग सांगायला सोपा आहे. एक लांबट लाकडी पेटी, तिचे दोन भाग, मध्ये सरकतं दार. एका भागाच्या भिंतींना काळेपांढरे पट्टे आणि खाली जाळी. दुसऱ्या भागात करड्या भिंती, गुळगुळीत तळ. काका त्यांना 'पट्ट्यांची खोली' आणि 'साधी खोली' म्हणायचे, मग मीही तसंच म्हणायला लागले. एक दिवस उंदराला मॉर्फिन टोचून पट्ट्यांच्या खोलीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचून साध्या खोलीत. असे आठ दिवस. नवव्या दिवशी काहीही टोचायचं नाही. मधलं दार उघडायचं, स्टॉपवॉच लावायचं आणि तो कुठे जातो ते बघत बसायचं.

तो पट्ट्यांच्या खोलीत जातो. तिथे त्या दिवशी काही नसतं. ना मॉर्फिन, ना दाणा, ना दुसरा उंदीर. तरी जातो, कोपरा हुंगतो आणि बसून राहतो.

मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून निघालेले धागे पुढच्या भागात जाऊन डोपामिन नावाचं रसायन सोडतात. एरवी या पेशींना शेजारच्या दुसऱ्या पेशींनी लगाम घातलेला असतो. मॉर्फिन लगाम धरणाऱ्यालाच झोपवतं, आणि मग डोपामिन उधळतं. ते जिथे पोचतं तो भाग उंदरात मसुराच्या डाळीएवढासुद्धा नसतो. त्या डाळीएवढ्या जागेत काय होतं, हे शोधण्यात मी वयाची पाच वर्षं घातली. सुरुवातीला मीही समजत होते की डोपामिन म्हणजे सुख. माझ्या गाइड मॅडमनी एकदा माझ्या कागदावर तो शब्द लाल पेनाने खोडला. "सुख वेगळं, मनीषा, आणि ओढ वेगळी. हे ओढीचं रसायन. सुख दिवसेंदिवस कमी होत जातं, ओढ वाढत जाते. शेवटी सुख संपलेलं असतं आणि ओढ तेवढी उरलेली असते."

मी ते वाक्य वहीत उतरून घेतलं. चांगलं वाटलं होतं मला ते, प्रबंधाच्या प्रस्तावनेत घालण्यासारखं.

दादा म्हणजे प्रशांत, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात लेथ चालवायचा. फिरता तुकडा थांबवून त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचा आणि सांगायचा, केसभर जास्त आहे. मग मोजून बघावं तर केसभरच जास्त निघायचं. आईबाबा गेल्यावर डोंबिवलीतली आमची चाळीतली खोली माझ्याकडे राहिली. त्याने दिवा स्टेशनजवळ घर घेतलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण स्वतःचं. दारावर त्याने पितळेची पाटी लावली, अक्षरं स्वतः कोरलेली: प्रशांत, वैशाली, तन्वी.

दिव्यात पाण्याची बोंब असायची. एका उन्हाळ्यात तो दोन हातांत पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन जिना चढत होता. तिसऱ्या मजल्यावर कमरेत काहीतरी सरकलं. वैशालीवहिनी सांगते, तो ओरडला नाही, आधी कॅन नीट खाली ठेवले, पाणी सांडू न देता, आणि मग खाली बसला. आठवडाभर त्याला उठता आलं नाही.

डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी मला फोन आला. "मने, तू औषधांतलीच ना? त्या गोळ्यांनी बरं वाटलेलं ग. कामावर उभं राहायला पाहिजे. बघ ना कुठे मिळतात का."

मी मिळवल्या. ओळखीच्या एका डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली आणि दोन पाकिटं स्वतः दिव्याला नेऊन दिली. त्या गोळीत काय आहे हे मला नीट माहीत होतं. अफूच्याच घराण्यातलं, जरा सौम्य. पण समोर माझा भाऊ होता, कमरेला पट्टा आवळून भिंतीला टेकलेला. उंदरांच्या बाबतीत जे मला झोपेतही सांगता आलं असतं ते त्याच्याकडे बघताना मला आठवलंसुद्धा नाही. त्या दिवशी वहिनीने मला आग्रहाने जेवायला ठेवलं. दादा उभा राहून ताट घेऊन आला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या गोळ्या मी दिल्या नाहीत. त्याची गरजही उरली नव्हती. त्यांच्या बिल्डिंगखालीच एक दुकान होतं, तिथे चिठ्ठी कुणी मागत नसे.

दीड वर्षाने वहिनीचा फोन आला. ती बालवाडीत शिकवायची, आवाज कायम मुलांशी बोलल्यासारखा स्वच्छ. त्या दिवशी तो आवाज घोगरा होता. "मनीषा, गव्हाच्या डब्यात पाकिटं सापडलीत. रिकामी. मूठभर आहेत. मी तुला नाव वाचून दाखवते. हे काय आहे ते सांग." तिने नाव वाचलं. मी कॉलेजच्या पायरीवर बसले. तिने अजून सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी शेठने त्याला लेथवरून काढून पॅकिंगला बसवलंय. त्याचे तुकडे चुकत होते.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि दादा खोपटहून एसटीत बसलो. शहापूरच्या पुढे एक व्यसनमुक्ती केंद्र होतं, तिथे चार आठवडे राहायचं ठरलं होतं. सबंध वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता. भाताला सोनेरी कळा आली होती. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तो घाम उन्हाचा नव्हता. मध्येच म्हणाला, "तन्वीला सांग मी कामासाठी पुण्याला गेलोय."

"तिला माहीत आहे दादा. दहा वर्षांची आहे ती."

"माहीत असूदे. तू सांग."

त्याच आठवड्यात माझ्या प्रयोगाचा पुढचा टप्पा सुरू झाला. रोज उंदराला पट्ट्यांच्या खोलीत न्यायचं आणि काही द्यायचं नाही. रोज न्यायचं, रोज काही नाही. पुस्तकात याला वेगळं नाव आहे, मी त्याला विझवणं म्हणायचे. पहिले काही दिवस उंदीर धावत आत जायचे, जाळी खरवडायचे. मग धावणं कमी झालं. मग दारात थांबू लागले. दसरा गेला, कोजागरी गेली, आणि एका सकाळी बहुतेक उंदीर दोन्ही खोल्यांत सारखेच फिरताना दिसले.

"इसरले का काय?" काका म्हणाले.

"विसरले, काका."

खरं तर विसरत नाहीत. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्यावर दुसरी एक आठवण बसते, की इथे आता काही मिळत नाही. जुनी तिच्याखाली तशीच शाबूत असते. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण दर रविवारी केंद्रातून दादाचा फोन यायचा, आणि दर रविवारी त्याचा आवाज आधीपेक्षा मोकळा असायचा. "आज भाकऱ्या थापल्या मी. वैशालीला सांगू नको, रोज थापायला लावेल." आलेखावरची रेघ उतरत होती आणि दादा हसत होता. मी त्या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. त्या महिन्याइतकी आशा मला नंतर कशाचीच वाटली नाही. आता वाटतं, त्या आशेलाही कुणीतरी लाल पेनाने खोडायला हवं होतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी तो परतला. गाल भरले होते. तन्वीसाठी त्याने बांबूच्या काड्या तासून आकाशकंदील केला, सगळे कोन जिथल्या तिथे. मी फराळाला गेले होते. वहिनी चकल्या तळत होती. मी विषय काढला.

"दादा, इथे राहू नका. डोंबिवलीला या. खोली लहान आहे, पण होईल. तुझं कामही तिकडेच आहे."

"का? इथे काय झालं?"

"जागा बदलावी लागते. तीच बिल्डिंग, तोच जिना, खाली तेच दुकान. मेंदू ते विसरत नाही. आमच्याकडे बघितलंय मी, शांत झालेला उंदीर जुन्या जागी परत ठेवला की..."

"मी उंदीर आहे का ग मने?"

तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता. वहिनी झारा हातात धरून वळली. "तन्वीची शाळा इथे, माझी बालवाडी इथे. आणि स्वतःचं घर सोडून चाळीत जायचं? लोक काय म्हणतील, घर पण गेलं?" तिचंही बरोबर होतं. दारावरच्या त्या पाटीसाठी दोघांनी काय काय केलं होतं हे मला माहीत होतं. मी एक चकली उचलली. चकल्या खुसखुशीत झाल्या होत्या.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी दादा कोलशेतला आला. मला तुझे उंदीर दाखव, म्हणाला. बाहेरच्या माणसाला आत न्यायची परवानगी नव्हती. काकांनी दोघांकडे बघितलं, एक जुना पांढरा कोट त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन बसले.

त्या दिवशी मी शेवटची चाचणी घेत होते. विझलेल्या उंदराला मॉर्फिनचा अगदी लहानसा अंश टोचायचा आणि दार उघडायचं. पाठीवर ठिपका असलेला एक उंदीर मी पेटीत सोडला. तो क्षणभर मध्ये थांबला, मिशा हलल्या, आणि सरळ पट्ट्यांच्या खोलीत गेला. दोन आठवडे तो तिथे असा गेला नव्हता. कोपऱ्यात जाऊन बसला. मी वेळ लिहीत राहिले.

दादा पेटीवर वाकून बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "खूश नाही दिसत ग तो."

"नाहीये खूश."

"मग का गेला?"

मी त्याला मॅडमचं वाक्य सांगितलं. सुख वेगळं, ओढ वेगळी. त्याने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाला, "हे वैशालीला सांगशील? तिला वाटतं मला मजा येते. शेवटचं वर्षभर काही मजा नव्हती मने. नुसतं जावं लागायचं." त्याने पेटीच्या सरकत्या दारावरून नख फिरवलं. "हे बरोबर बसलेलं नाही. एका बाजूला घासतं."

"सुताराने केलंय."

"दिसतंच आहे." मग तशाच आवाजात त्याने विचारलं, "आणि समजा माणसाने परत घेतलंच, तर काय होतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. महिनाभर औषध बंद राहिलं की शरीराची ते सोसायची सवय मोडते. ओढ मात्र जुन्या मापाचीच राहते. माणूस पूर्वीइतकंच घेतो आणि ते आता त्याला झेपत नाही, श्वास मंदावत जातो आणि थांबतो. तीन वाक्यं होती. एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं असतं तर मी फळ्यावर काढून दाखवलं असतं.

मी म्हटलं, "दादा, असलं बोलू नकोस. आता सगळं नीट होणार आहे."

तो हसला. "बरं," म्हणाला. जाताना काकांना कोट घडी घालून परत दिला.

मला वाटलं होतं, परत घेतलं तर काय होतं हे सांगणं म्हणजे तू परत घेशील असं सांगणं. त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. चार आठवडे ज्याने भाकऱ्या थापल्या त्याच्याशी असं वागू नये असं वाटलं. हे मी आता इतक्या नीट मांडते. तेव्हा एवढं काही नव्हतं, मी फक्त घाबरले होते.

तुळशीची लग्नं चालू होती. एका मंगळवारी दिव्यात टँकर आला. वहिनी बालवाडीत, तन्वी शाळेत. दादाची पॅकिंगची पाळी दुपारची होती. शेजारणीने त्याला पाण्याचे कॅन वर नेताना बघितलं, दोन खेपा. मग तो खाली दुकानात गेला. दीड वाजता वहिनी घरी आली तेव्हा पिंप काठोकाठ भरलेलं होतं, वर झाकण होतं, आणि दादा त्याला टेकून बसला होता. ओठ निळे पडले होते.

हॉस्पिटलात मला त्याच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट दाखवलं. मी गोळ्या मोजल्या. पूर्वी तो एका वेळी घ्यायचा तेवढ्याच गेल्या होत्या. एकही जास्त नाही.

दहा-बारा दिवसांनी मी कॉलेजला गेले. उंदरांचे मेंदू काढायचे राहिले होते. त्याचं वेळापत्रक फार पुढे ढकलता येत नाही. काकांनी बर्फ आणून ठेवला होता, कात्र्या, चिमटे, सगळं मांडलं होतं. मला बघून म्हणाले, "बाय, आज नको करू. मी करतो ते. तू मापं तेवढी घे."

"नाही काका. माझे आहेत."

एकेक करून चोवीस उंदीर. प्रत्येकाचा मेंदू बर्फावरच्या काचेवर ठेवायचा, कापायचा, आणि पुढच्या भागातला तो डाळीपेक्षा लहान कण बारक्या नळीत भरायचा. काका दर पिंजरा रिकामा झाला की धुऊन उन्हात पालथा घालत होते. चौदा-पंधरा झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातून कोनाचं बरं होईल का गो?"

"होईल, काका. बऱ्याच वर्षांनी. कदाचित."

ते मान हलवून पुढचा पिंजरा घ्यायला गेले.

शेवटच्या चाचणीआधी अर्ध्या उंदरांना मी एक नवं औषध दिलं होतं, त्याने त्यांची ओढ कमी होईल अशी आमची अटकळ होती. ते दिलेले उंदीर पट्ट्यांच्या खोलीत जरा उशिरा गेले. गेले मात्र सगळे. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली. समारंभाला वहिनी आली होती. मागच्या रांगेत बसली आणि जेवायला न थांबता गेली. गोळ्यांची पहिली दोन पाकिटं कुणी आणली होती हे तिला अर्थातच आठवत होतं. त्याबद्दल ती मला आजवर एका अक्षराने बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मी कल्याणला शिकवते. हा धडा दरवर्षी याच दिवसांत येतो, पहिल्या सत्राच्या शेवटी. मी फळ्यावर पेटी काढते, दोन खोल्या, मधलं दार. एखादी मुलगी विचारते, मॅडम, मग यातून कुणीच सुटत नाही का? मी सांगते, सुटतात, बरेच सुटतात. ते खरंही आहे. पण ते सांगताना माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटतो. वाक्य खरं असूनही माझ्या काही उपयोगाचं नाही.

तन्वी एकोणीस वर्षांची झाली. मानसशास्त्र घेतलंय तिने. महिन्यातून एखाद्या रविवारी माझ्याकडे येते, दुपारी जेवते, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन वाचत बसते. वाचताना अंगठ्याचं नख पानाच्या कडेवरून फिरवते. परवाच्या रविवारी आली तेव्हाही पुस्तक बरोबर होतं. ताटं घेतली होती, मी भात वाढत होते. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली,

"आत्या, सोडल्यानंतर परत पहिल्याइतकं घेतलं तर माणूस जातो, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"बाबांना सांगितलेलंस?"

तिने आता वर बघितलं होतं. नऊ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "म्हणजे माहीत असून घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "आई उगाच सांगत असते, चुकून झालं म्हणून."

तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्या मुलीकडे बापाचं म्हणून एवढंच एक उरलं होतं, की तो चुकून गेला, तिला सोडून नाही गेला. अजूनही वेळ गेलेली नव्हती, ती समोर बसली होती, ऐकत होती.

मी विचारलं, "आमटी वाढू?"